अंधेरीला कोण उठतं?

फेब्रुवारीतला बुधवार, सकाळचे साडेअकरा. मनालीहून तेरा-चौदा किलोमीटरवर असलेल्या सोलंगच्या उतारावर मी पालथी पडले होते. एक पाय स्कीतून सुटलेला, दुसरा तसाच अडकलेला, हातमोज्यात बर्फ गेलेला. शिकवणारा मुलगा वरून ओरडून सांगत होता की आधी घाबरू नका, मग उठा. आणि माझ्या डोक्यात आलं, आत्ता स्टँड-अप संपत आली असेल.

मला कोणी फोन केला नव्हता. रजा रीतसर मंजूर झालेली होती. तरीही बुधवारी साडेअकरा वाजता बर्फात पडलेलं असणं मला चोरीसारखं वाटत होतं. शनिवारी तिथेच, तशीच पडले असते तर काहीच वाटलं नसतं. म्हणजे अडचण बर्फाची नव्हती, वाराची होती. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे: विश्रांती कमवावी लागते का? आणि लागत असेल, तर कोणाकडून?

सहल अगदी साधी होती. सोमवारी संध्याकाळी बोरिवलीहून राजधानी, मंगळवारी सकाळी दिल्ली, रात्रीची व्हॉल्वो, बुधवारी सकाळी मनाली. बुधवार-गुरुवार बर्फ आणि पुन्हा तीच वाट उलटी. आठवड्याच्या मधेच गेलं की हॉटेल स्वस्त मिळतं, उतारावर गर्दी नसते, भाड्याच्या बुटांत आपल्या मापाचा जोड सापडतो. मंगळवार ते शुक्रवार अशी चार दिवसांची रजा आणि त्यात बर्फ दोनच दिवस, हा हिशोब मैत्रिणींना वेडेपणाचा वाटला. पण मला ती वाटच हवी होती. बॅगेत नऊ नंबरच्या सुया आणि करड्या लोकरीचे तीन गुंडे होते. मफलर घालायला घेतला होता. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. डहाणूच्या पुढे अंधार पडला, डब्यातले लोक मोबाइलमध्ये गेले, आणि मी आणि माझ्या सुया.

विणायला मला आईने शिकवलं. आमच्या घरी विणकाम हा छंद कधीच नव्हता. मुंबईत स्वेटर लागतो किती? जानेवारीतल्या चार पहाटे सोडल्या तर हाटकेशमध्ये अंगावर लोकर घालायची वेळ येत नाही. पण बाळंतविडा लागतो. ऑफिसात कोणी ना कोणी कायम बाळंतपणाच्या रजेवर असायची, आणि तिच्यासाठी टोपडं, मोजे, छोटा स्वेटर आईच्या पिशवीत तयार होत असायचा. मी विचारायचे, किती दिवस लागले? आई दिवसांत उत्तर द्यायची नाही. म्हणायची, "टोपडं दोन दिवसांचं अंधेरी-चर्चगेट, स्वेटरला आठवडा."

हे माप समजायला मला मोठं व्हावं लागलं. मीरा रोडला गाडी विरारहून भरून येते. सकाळी तिथून चढणाऱ्या बाईला बसायला मिळत नाही, हे गृहीतच धरायचं. काहीजणी त्यासाठी आधी उलट्या दिशेने विरारला जातात आणि तीच गाडी पकडून बसून येतात. आईला तेवढा वेळ नसे. ती उभी राहायची. पण तिच्या डब्यात एक ग्रुप होता. विरार-नालासोपाऱ्याच्या बायका बसून यायच्या आणि अंधेरी आली की त्यातल्या तिघी-चौघी उठायच्या. त्यांना उतरायचं नसायचं, त्यांनाही चर्चगेटलाच जायचं असायचं. मीरा रोड, दहिसरहून उभ्याने आलेल्यांना बसू द्यायला त्या उठायच्या. हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. अंधेरीचा प्लॅटफॉर्म लागला की पदर, ओढण्या, पर्सेस हलायला लागायच्या आणि जागा बदलायची.

आई बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि सुया काढायची. तिच्या दिवसातला तो एकच वेळ असा होता जेव्हा तिला कोणी काही मागत नव्हतं. आमच्या गल्लीतली किती बाळं त्या अर्ध्या-पाऊण तासातून गरम राहिली असतील, देव जाणे.

पश्चिम रेल्वेने 1992 साली चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली, हे आज अभिमानाने सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. पण अंधेरीला उठण्याची ही पद्धत कुठल्याही रेल्वेने सुरू केलेली नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. विश्रांतीबद्दल आपण साधारण तीन प्रकारे बोलतो असं मला दिसतं.

पहिला प्रकार मजुरीचा. खूप राबलास, आता घे सुट्टी. माझा स्टँड-अपचा विचार इथूनच आला. आठवड्याचे पाच दिवस भरले की दोन दिवस मिळतात, बुधवारी कुठे भरलेत पाच दिवस? हा विचार वरवर न्याय्य वाटतो, पण जरा खोलात गेलं की हिशोब चुकतो. सगळ्यात जास्त राबणाऱ्याला सगळ्यात जास्त विश्रांती मिळायला हवी. पण आमच्या सोसायटीतला वॉचमन बारा तास उभा असतो, आणि माझ्याकडे उरलेल्या रजा दर वर्षी वाया जातात.

दुसरा प्रकार दुरुस्तीचा. आमच्या क्षेत्रात तो फार चालतो. रिचार्ज व्हा, रिफ्रेश होऊन या, बर्नआउट टाळा. म्हणजे मी सोलंगला जायचं ते सोमवारी जास्त चांगला कोड लिहिता यावा म्हणून. यात विश्रांती ही कामाचीच एक पायरी होते. मफलरही मग 'माइंडफुलनेस' होतो. खरं सांगायचं तर राजधानीत मी स्वतःच ओळी मोजत होते आणि तासाला किती होतात याचं गणित करत होते. सुरतेला ते लक्षात आलं आणि मलाच हसू आलं.

तिसरा प्रकार हक्काचा. बर्ट्रंड रसेलने 1932 साली रिकामपणाच्या कौतुकाचा एक निबंध लिहिला. त्यात टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण आहे. समजा, असा शोध लागला की तितकीच माणसं दुप्पट टाचण्या बनवू लागली. जगाला टाचण्या तितक्याच पुरेशा आहेत. शहाण्या जगात सगळ्यांचे कामाचे तास निम्मे होतील. आपल्या जगात मात्र निम्म्यांची नोकरी जाते आणि उरलेले पूर्वीइतकेच राबतात. रसेलचं म्हणणं होतं की दिवसाला चार तासांचं काम पुरेसं असावं. जे काम पूर्वी दोघं करायचे ते आता एक माणूस आणि एक टूल करतं, हे रोज बघणाऱ्या माझ्यासारखीला हा निबंध नव्वदहून जास्त वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

रसेल मला पटतो. विश्रांतीला कारण द्यावं लागू नये. पण सोलंगच्या उतारावर तो पुरला नाही, कारण मला टोचत होती ती गोष्ट वेगळीच होती.

तो आठवडा माझ्या ऑन-कॉलचा होता. आमची सिस्टिम चोवीस तास चालते. सहा जणांच्या टीममध्ये प्रत्येकाकडे एकेक आठवडा असतो. त्या आठवड्यात रात्री तीनला जरी अलर्ट वाजला तरी उठून लॅपटॉप उघडायचा. मी जाणार म्हटल्यावर एका सहकाऱ्याने माझा आठवडा घेतला. त्याने कारण विचारलं नाही. मी मात्र आपणहून "जरा घरचं काम आहे" असं सांगितलं. ते खोटं होतं. बुधवारी बर्फात लोळायला आणि गाडीत विणायला जातेय, हे सांगायची मला लाज वाटली.

दुपारी स्की काढून ठेवली. गुडघे बोलत होते. उताराच्या पायथ्याशी चहा-मॅगीच्या टपऱ्या आहेत, तिथे बसले. टपरीवाल्या बाईंच्या अंगावर पट्टू होता आणि हातात चार सुयांवर मोजा. मनालीत हे सगळीकडे दिसतं. बायका दुकानात बसून विणतात, गप्पा मारताना विणतात, चढ चढताना विणतात. मी माझा मफलर काढला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, कडेचा एक सैल टाका बोटाने दाखवला आणि परत दिला. मग हिंदीत विचारलं, कोणासाठी?

मी म्हटलं, कोणासाठी नाही, असंच, बरं वाटतं म्हणून. त्यांना हे उत्तर फारसं कळलं नाही, किंवा कळूनही त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांचा मोजा विकायचा होता. एकच क्रिया, तीच लोकर, तसेच टाके. माझ्यासाठी ती सुट्टी होती आणि त्यांच्यासाठी मिळकत. आईसाठी काय होती, हे मला तिथे बसून ठरवता येईना.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मुंबईहून इतक्या लांब आलात, मग तिकडे तुमचं काम कोण बघतंय?

त्यात टोमणा नव्हता. ज्यांच्या घरी गाय आहे त्या माणसाचा हा साधा प्रश्न आहे. त्यांनीच पुढे सांगितलं की आज गाय जाऊबाई बघतेय, उद्या जाऊबाई टपरीवर बसेल आणि त्या घरी राहतील. मी म्हटलं, माझं काम एक मित्र बघतोय. त्या म्हणाल्या, अच्छा, आणि उकळी आलेल्या चहाकडे वळल्या.

मजुरी, दुरुस्ती, हक्क या तिन्ही विचारांत एक माणूस गृहीत धरलेला आहे. तो एकटा आहे. त्याने कमावली की नाही, त्याला गरज आहे की नाही, त्याचा हक्क आहे की नाही, एवढाच प्रश्न. पण गाय दोन दिवस न पिता राहत नाही आणि सर्व्हर बुधवार बघून बंद पडत नाही. माझ्या विश्रांतीच्या जागी कोणीतरी उभं असतं. आईला बसायला मिळालं ते तिने तिकीट काढलं म्हणून नाही. तिकीट तर उभ्याने आलेल्या सगळ्यांकडे होतं. अंधेरीला कोणीतरी उठलं म्हणून ती बसली.

हे असं पाहिलं की काही गोष्टी बदलतात. अंधेरीला उठणारी बाई विचारत नाही की तू आज बसण्याइतकी दमली आहेस का, तुझं काम महत्त्वाचं आहे का, बसून तू काय करणार आहेस. कोणी विणते, कोणी मेथी निवडते, कोणी पोथी वाचते, कोणी तोंड उघडं टाकून झोपते. बसल्यावरचा वेळ ज्याचा त्याचा. त्या अर्थाने ती विश्रांती पूर्ण मोकळी आहे, रसेलला आवडावी इतकी. पण तिच्यासोबत एक जबाबदारी येते: ज्या दिवशी तू बसून येशील, त्या दिवशी तूही उठशील. आळीपाळी एवढाच तो नियम.

त्यामुळे माझ्या खोट्यात नेमकं काय चुकलं तेही मला कळलं. सहकाऱ्याने माझा आठवडा घेतला, यात मी त्याचं काही लुबाडलं नव्हतं. पण "घरचं काम" सांगून मी असा नियम करत होते की उठायचं ते फक्त घरच्या कामासाठी. उद्या त्याला नुसतंच झोपायला एक बुधवार हवा असेल, तर त्यालाही खोटं बोलावं लागणार.

इथे एक आक्षेप आहे आणि तो मोठा आहे. ग्रुप असला की ग्रुपबाहेरचेही असतात. आईच्या डब्यात अंधेरीला जागा मिळायची ती ग्रुपमधल्यांना. नव्याने चढलेली, अनोळखी बाई चर्चगेटपर्यंत उभी राहायची, आणि तिने मधेच बसायचा प्रयत्न केला तर काय ऐकावं लागायचं तेही मी लहानपणी आईबरोबर जाताना ऐकलं आहे. आमच्या ऑन-कॉलच्या यादीत सहा नावं आहेत. ऑफिस झाडणाऱ्या मावशींचं नाव त्यात नाही. त्यांनी एक दिवस घेतला तर त्यांच्या जागी कोण येतं, मला माहीत नव्हतं. सोलंगचा तो शिकवणारा मुलगा बर्फ असेपर्यंतच कमावणार, तो बुधवारी रजा कशी घेणार? ओळखीच्यांत वाटून घेतलेली विश्रांती चांगली असते, पण तिचं कुंपणही पक्कं असतं.

हे कुंपण मोडता येतं, याचं एक उदाहरण आपल्याच शहरात आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, 'दीनबंधू'चे संपादक. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या आज वाचल्या तर अगदी बेताच्या वाटतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. तरीही रविवारच्या सुट्टीला मालकांचा होकार यायला 10 जून 1890 उजाडावा लागला. सहा वर्षं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की लोखंड्यांनी चांगलं काम करणाऱ्यांसाठी रविवार मागितला नाही. गिरणीच बंद ठेवा म्हणाले. अनोळखी बाईलाही बसायला मिळेल अशी ती मागणी होती. आपण हाटकेशच्या फ्लॅटमध्ये रविवारी उशिरा उठतो तेव्हा एकशे तीसहून जास्त वर्षांपूर्वी कोणी तरी उठून दिलेल्या जागेवर बसलेले असतो. आणि त्याच रविवारी मेगाब्लॉक असतो. आपण वैतागतो, पण त्या ब्लॉकमध्ये रुळांवर माणसं काम करत असतात. त्यांचा रविवार मग कुठल्यातरी बुधवारी येत असेल. बुधवारी दुपारी कोणी बागेत निवांत बसलेला दिसला तर त्याला रिकामटेकडा म्हणण्याआधी मी आता जरा थांबते.

शनिवारी सकाळी बोरिवलीला उतरले, मीरा रोडला आले, शेअर रिक्षाने घरी. मेट्रोच्या खांबांखाली नेहमीचा ट्रॅफिक. आईने दार उघडलं आणि माझी पिशवी हातातून घेता घेता म्हणाली, "बस, चहा टाकते." आणि मी बसले. सवयीने.

तिने मफलर पाहिला. मधे तीन ओळी चुकल्या होत्या, सुलटच्या जागी उलट. मी विचारलं, "आई, तू गाडीत विणायचीस ते तुला आवडायचं म्हणून, की वेळ वाया जाऊ नये म्हणून?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "आवडायचं. पण नुसतं आवडतं म्हणून बसले असते का, कोण जाणे. हातात काहीतरी असलं की कोणी काही म्हणत नाही."

"गाडीत कोण म्हणणार होतं?"

"गाडीत नाही गं."

ती तेवढंच बोलली आणि ओट्याकडे गेली. ज्या बाईला डब्यात अनोळखी म्हणून भेटलेल्या बायका रोज उठून जागा द्यायच्या, तिच्यासाठी घरात अंधेरी कधी आलीच नाही. बाबा बसलेले असायचे, मी अभ्यासाच्या नावाखाली बसलेली असायचे, आणि ती उभी. तिला बसायचं असेल तर हातात सुया लागायच्या, म्हणजे ते काम दिसेल. ऑफिसमधल्या न्याय-अन्यायाचा चार दिवस विचार करून मी घरी आले होते आणि आल्या आल्या तिच्या हातचा चहा घेत होते.

मी काही मोठं केलेलं नाही. बुधवार आणि रविवारचा स्वयंपाक आता माझ्याकडे आणि बाबांकडे आहे. पहिल्या बुधवारी आई चार वेळा ओट्याजवळ आली. मोहरी जास्त तडतडली, डब्याचं झाकण कुठे ठेवलंस, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ती गॅलरीत बसून राहिली. हातात काही नव्हतं. बाबांनी विचारलं, काय गं, बरं नाही का? ती म्हणाली, "बरी आहे. बसलेय."

मार्चच्या शेवटी सहकाऱ्याचा मेसेज आला. पुढचा आठवडा घेशील का माझा? "का रे, काय झालं?" एवढं मी टाइप करून झालं होतं. ते पुसलं आणि "हो" लिहिलं. मग अजून एक मेसेज केला की फेब्रुवारीत माझं घरचं काम वगैरे काही नव्हतं, मी बर्फात पडायला गेले होते. त्याने हसण्याचा इमोजी पाठवला आणि लिहिलं, मी फक्त झोपणार आहे.

त्या आठवड्यात बुधवारी रात्री अडीच वाजता अलर्ट वाजला. डेटाबेस भरला होता. जुन्या नोंदी हलवायची स्क्रिप्ट सुरू केली, तिला चाळीस मिनिटं लागणार होती. खाली रस्ता रिकामा, वॉचमन खुर्चीत, कुत्री भुंकून थकलेली. स्क्रिप्ट चालू असताना मी मफलर काढला, चुकलेल्या तीन ओळींपर्यंत उसवला आणि पुन्हा टाके उचलायला घेतले.